नऊशेवर सही

मुलुंडच्या एका खासगी शाळेत मला नोकरी लागली, तेव्हा लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. कांजूरमार्गला आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. नेमणुकीच्या पत्रात पगार नऊशे रुपये लिहिला होता. नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, "आता गॅससाठी नंबर लावून टाकू."

पहिल्या पगाराला हेडक्लार्कनी रजिस्टर पुढे केलं. नऊशेच्या आकड्यासमोर रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेला होता, त्यावर मी सही केली. पाकिटात सहाशेच निघाले.

"काहीतरी चूक झालीय," मी म्हटलं.

"चूक नाही बाई. तीनशे संस्थेला. इमारत निधी. सगळ्यांचेच जातात."

"मग पावती?"

त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "पुढच्या बाईंना पाठवा."

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "असू दे. घरी बसून काय मिळणार होतं?" तो मला धीरच देत होता, पण ते ऐकून अंगातलं उरलंसुरलं बळही गेलं. गॅसचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

चार महिने मी तशीच सही करत राहिले. पाचव्या महिन्यात पगार शनिवारी होता. त्या आठवड्यात दुसऱ्या एका बाईंचे तासही माझ्याच गळ्यात पडले होते, घसा बसला होता. मी काही ठरवून गेले नव्हते. सही केली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'मिळाले सहाशे'.

हेडक्लार्क उठूनच उभे राहिले. "हे काय करून ठेवलंत? इथे खाडाखोड चालत नाही. आता अख्खं पान नव्याने लिहायचं, सगळ्यांच्या सह्या परत घ्यायच्या. तोवर कोणालाच पगार नाही."

शाळा साडेअकराला सुटली होती. आम्ही अकरा जणी स्टाफरूममध्ये बसून राहिलो. मला वाटलं होतं, निदान एक तरी म्हणेल, बरं केलंस. एकीला पाळणाघरातून मूल आणायचं होतं, ती सारखी दारापर्यंत जाऊन परत येत होती. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

शेवटी शिवणाच्या बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्या आमच्यात सर्वांत जुन्या, मालवणकडच्या.

"माका हयसर सात वर्षां झाली," त्या हळूच म्हणाल्या. "तुझा काय चुकला नाय. पण माझी पोरां शाळेतसून इली असतली. चावी माझ्याकडे आसा. कर गो बाय सही."

त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते.

अडीचला नवं पान आलं. मी नऊशेवर सही केली, पाकीट न मोजता पर्समध्ये टाकलं. शिवणाच्या बाई स्टेशनपर्यंत माझ्याबरोबर चालल्या. घाईत असूनही वाटेत त्यांनी मेथीची जुडी घेतली, चार आण्यांसाठी घासाघीस केली आणि अर्धी माझ्या पिशवीत कोंबली. शाळेचा विषय दोघींनीही काढला नाही. त्या शनिवारचं मी घरीही काही सांगितलं नाही.

मे महिन्यात शाळेचं पत्र आलं. पुढच्या वर्षी जागा नसल्यामुळे माझी नेमणूक होणार नव्हती. त्या दिवशी नवऱ्याची सेकंड शिफ्ट होती, तो निघायच्या तयारीत होता. पत्र वाचून त्याने विचारलं, "तू काही बोलली होतीस का त्यांना?"

"नाही," मी म्हटलं.

तो डबा घेऊन गेला. मी जमिनीवरच आडवी झाले. त्या दुपारी मला इतकी गाढ झोप लागली, की संध्याकाळचं पाणी येऊन गेलेलंसुद्धा कळलं नाही.