अडकलेली मेल आणि चुकलेली कवळी

बाई कवळ्या करत. दातांचे डॉक्टर रोग्याच्या जबड्याचा ठसा घेऊन पाठवत, आणि त्यावरून मेणात दात रचून पक्की कवळी घडवायचं काम घराच्या तळमजल्यावर बाईंच्या कार्यशाळेत होई. ही विद्या त्यांना सासऱ्यांनी दिली. खरं तर ती धाकट्या मुलाला द्यायची होती; पण त्याच्या हातून मेण सांडे, दात तिरके बसत. शेवटी एक दिवस सासऱ्यांनी त्याच्या हातातली सुरी काढून घेतली आणि नव्या सुनेला म्हणाले, "तू बघ गं जरा." धाकटा कॉम्प्युटरकडे वळला आणि एका कंपनीत लोकांचे बिघाड सोडवू लागला. वहिनीशी तो कधी वाकड्यात शिरला नाही, पण कार्यशाळेचा उंबरा त्याने पुन्हा ओलांडला नाही. वडील गेले, माणसं खाली कार्यशाळेत जमली, तेव्हाही तो वरच्या खोलीतच बसून राहिला.

पूर्वी डॉक्टर चिठ्ठी लिहीत. आता दातांची छटा, चेहऱ्याचे फोटो, जबड्याचे स्कॅन, सगळं मेलने येई. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मेलचा प्रोग्राम उघडा असे, आणि गेले काही महिने तो मधेच थिजे. खिडकी पांढरी पडे, वर 'प्रतिसाद देत नाही' अशी अक्षरं येत, आणि चक्र आपलं फिरत राही. बाई तोवर एखादा प्लास्टरचा साचा घासून घेत. दुखणं अंगवळणी पडलं होतं.

मग एका सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"अहो, पुढचे दात आखूड ठेवा म्हणून मी मेल केली होती! माणूस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. तुमची कवळी घालून त्याला सूरच काढता येईना. बिचारा माझ्याच खुर्चीत रडकुंडीला आला."

"मला नाही मिळाली मेल."

"माझ्याकडून तर गेलीय."

बाईंनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. बऱ्याच वेळाने खिडकी हलली आणि अडकलेल्या मेल भसाभस खाली उतरल्या. त्यांत ती होती. दात रचायला घेण्याच्या आदल्या दिवशीची. बाईंनी ती दोनदा वाचली. चूक कुणाची, हा वाद घालण्यात काही हशील नव्हतं. त्यांनी नवं प्लास्टर कालवायला घेतलं.

बाजारातला दुरुस्तीवाला येऊन गेला. "सगळं पुसू आणि नव्याने टाकू," तो म्हणाला.

"आणि जुन्या मेल?"

"राहिल्या तर राहिल्या."

लोकांच्या कवळ्या वर्षांनी तुटतात, तेव्हा जुने स्कॅनच कामी येतात. रोग परवडला पण औषध नको, असं म्हणत बाईंनी त्याला वाटेला लावलं. नवरा म्हणाला, "मी बोलतो धाकट्याशी." बाई म्हणाल्या, "नको. काम माझं आहे, मीच बोलते."

शनिवारी दुपारी धाकटा खाली आला. दारात चपला काढताना त्याने उगाच वेळ लावला. मग आत येऊन, टेबलावरच्या जबड्यांकडे न बघता, थेट कॉम्प्युटरसमोर बसला.

"वहिनी, नेमकं कधी थिजतं? उघडताना, की वाचताना?"

"नवी मेल आली की, भावजी."

"फोटो असला तरच?"

"साधी असली तरी."

त्याने कंट्रोलचं बटण दाबून धरलं आणि प्रोग्राम सेफ मोडमध्ये उघडला. "आता बाहेरून जोडलेलं सगळं बंद आहे. नुसता मूळ प्रोग्राम चालतोय." त्याने फोनवरून स्वतःच एक मेल पाठवली. ती आली, उघडली, मिटली. काही अडलं नाही.

"झालं की!" बाई म्हणाल्या.

"झालं कुठलं? दुखणं मूळ प्रोग्राममध्ये नाही, एवढंच कळलं. जोडलेल्यांपैकी कुणाची तरी खोडी आहे." त्याने ॲड-इनची, म्हणजे या जोडलेल्या भागांची, यादी उघडली. अँटिव्हायरसचं एक, कॅलेंडरचं एक, आणखीही काही होती.

"मग टाका ना सगळीच काढून."

"सगळी काढली तर चोर कोण ते कळायचं नाही. एका वेळी एकच काढायचं, मग परत बघायचं."

बाईंच्या हातातली कानस थांबली. "एका वेळी एकच जागा घास, मग परत चावून बघ. मामंजी म्हणायचे."

"मलाही हेच सांगायचे," धाकटा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला. "तेव्हा नाही जमलं." आणि त्याने पुढचं ॲड-इन बंद केलं.

चोर निघालं ते फॅक्सचं ॲड-इन. मेलमधून परस्पर फॅक्स पाठवता यावा म्हणून सासऱ्यांच्या काळात कुणीतरी ते बसवलं होतं. यंत्र काही महिन्यांपूर्वी भंगारात गेलं; त्याच्या जागी आता प्लास्टरच्या गोण्या होत्या. पण प्रत्येक नव्या मेलसरशी ते उठे, यंत्राला शोधत फिरे, आणि दमून परत येईपर्यंत सगळी खिडकी खोळंबून राही.

"म्हणजे मेलेल्याला हाका मारत बसलं होतं," बाई म्हणाल्या. दोघंही हसले. आधी बाई, मग जरा उशिराने धाकटा.

तरीही प्रोग्राम किंचित अडखळतच होता. वर्षानुवर्षांच्या स्कॅननी मेलची फाइल फुगली होती. धाकट्याने आधी तिची नक्कल काढून ठेवली, मग जुन्या मेल डॉक्टरवार वेगळ्या फाइलींत हलवल्या आणि उरलेली फाइल दुरुस्तीला लावली. ते काम संथ होतं. तोवर बाई नवे दात रचत बसल्या. मधे चहा झाला.

क्लॅरिनेटवाल्याला बाईंनी वाद्य घेऊनच दवाखान्यात बोलावलं आणि स्वतःही गेल्या. पहिली फुंक नुसती किंचाळली. बाईंनी पुढची एक कड घासली, त्याने पुन्हा फुंकलं. मग तो थांबेचना. बाहेर बसलेले रोगी गाल धरून आत डोकावू लागले.

काही आठवड्यांनी खिडकी पुन्हा थिजली. बाईंनी सेफ मोड लावला, एकेक ॲड-इन काढून पाहिलं. नव्या प्रिंटरबरोबर आलेल्या एकाने घोळ घातला होता. ते बंद करून त्यांनी दिराला फोन लावला.

"चालू झालं ना? मग फोन कशाला केलात, वहिनी?"

"म्हटलं, तुम्हाला कळलेलं बरं."

हल्ली धाकटा अधूनमधून खाली येतो. कॉम्प्युटरजवळच्या स्टुलावर बसतो, काहीबाही तपासतो, बाईंचं काम बघतो. मेणाला हात लावत नाही. बाईही 'लावा' म्हणत नाहीत.