गोधडीतली अबोली

दुबईपलीकडच्या रास अल खैमाला आमच्या किचनच्या खिडकीसमोरच त्याची गच्चीवरची खोली होती. सिमेंट फॅक्टरीत ड्रायव्हर, आपल्या कोकणातलाच. नाव मात्र मी कधी विचारलं नाही. तिथली थंडी ती कसली म्हणा, पण त्याच्या कुंड्यांतल्या अबोलीला तेवढीही सोसत नाही. डिसेंबरात डोंगराकडचं वारं सुटलं की हा रोज तिन्हीसांजेला कुंड्या भिंतीशी ओढायचा आणि वर गोधडी पांघरायचा. इतक्या अलगद, की पाळण्यात बाळच निजलंय!

एकदा मी विचारलंच, "अहो भाऊ, मग तुम्ही काय पांघरता?"

"जाकीट आहे ना, वैनी! बायको येतेय व्हिजिटवर, पहिल्यांदाच. कळ्या गळल्या तर तिच्या केसांत काय, सिमेंट माळू?"

मग काय, मीही रोज खिडकीतून विचारायचे, "कळ्या ठीक?"

"इन्शाल्ला, वैनी!"

ती आली, त्याच्या दुसऱ्या सकाळी गच्चीवरून आवाज आला, "माझ्या लुगड्यांची गोधडी ही! तुमच्यासाठी शिवली होती, कुंड्यांसाठी नव्हे!"

हा शिंकत, हसत गोधडीची माती झटकत होता. ती तणतणत पाठ फिरवून आत निघाली, तर काय सांगू, अंबाड्यावर अबोलीची भरगच्च वेणी!