थोरल्या जावेचे पांढरे दात

माझ्या थोरल्या जावेला एक खेळ फार आवडायचा. नणंदेच्या लग्नाची कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची, पाहुण्यांना समोर बसवायचं आणि मी तोंडभर हसते आहे तिथे बरोबर बटण दाबायचं. "स्वल्प थांबा, बघा," ती 'जरा'ला 'स्वल्प' म्हणणाऱ्या आमच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणायची. "हळद नवरीला लावली, उतरली हिच्या दातांवर." पडद्यावर माझे पिवळे दात थरथरत राहायचे आणि आमच्या जे. पी. नगरच्या हॉलमध्ये हशा पिकायचा. सासूबाईसुद्धा हसायच्या. मी कॉफीचे पेले उचलून आत जायची. तिच्यावरचा माझा राग तेव्हाचा आहे, आणि तो मी कधी विझू दिला नाही.

धाकट्या दिराचं लग्न ठरलं, तेव्हा त्या लग्नाच्या कॅसेटमध्ये तिला बटण दाबायला जागाच ठेवायची नाही, असं मी ठरवलं. तिचे दात एव्हाना दर आठवड्याला उजळत चालले होते. काय करता, म्हणून मी विचारलं.

"काही नाही गं. लिंबावर मीठ, वर चिमूटभर खायचा सोडा, आणि सकाळ-संध्याकाळ घासायचं. घरच्या घरी."

सून असावी तर अशी, उगाच डॉक्टरकडे धावत नाही, असं सासूबाई शेजारणींना सांगत सुटल्या.

मी घासलं. हात दुखेपर्यंत घासलं. आधी दात खरंच चकचकले, मग गार पाण्यानं कळ यायला लागली, मग नुसत्या वाऱ्यानंही. लग्नाच्या आदल्या दिवशी मी गालाला हात लावून कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाहेर बाकावर बसले, तर आतून त्यांचं बोलणं ऐकू आलं. "आज शेवटची खेप. औषध नुकतंच लावलंय, दात लगेच रंग धरतात. दोन दिवस कॉफी नको, हळद नको, विडा तर मुळीच नको." दार उघडलं आणि रुमालानं ओठ टिपत माझी जाऊ बाहेर आली.

तिनं माझ्या सुजलेल्या हिरड्या पाहिल्या आणि हसली. "अय्यो, तू खरंच लिंबू घासलंस?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "सासूबाईंना काही सांगू नको हं."

"नाही सांगणार, अक्का," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी माझे दात पाहून कपाळाला हात लावला. लिंबू दात पांढरे करत नाही, वरचा थर खातं, आणि खालचा थर मुळातच पिवळा असतो, असं त्यांनी सांगितलं. खुर्चीत बसून औषध आणि दिवा लावला तर थोड्या खेपांत काम होतं. घरीच करायचं तर दातांच्या मापाचा साचा घ्यायचा, त्यात सौम्य औषध भरून लावायचं, त्याला आठवडे लागतात. "पण तुम्हाला यातलं काहीच सोसणार नाही आता. दात झिजलेत." त्या खुर्चीत मी रडले. रडून झाल्यावर मला विडा आठवला.

दुसऱ्या दिवशी पंगत उठायच्या सुमारास मी नवरीच्या आईला बाजूला घेतलं. त्या पुण्याच्या, मानपानात काही कमी पडू नये म्हणून धडपडणाऱ्या. "आमच्या थोरल्या अक्कांना विडा म्हणजे जीव की प्राण," मी म्हटलं. "पण त्या तोंडानं मागणार नाहीत. तुम्हीच आपल्या हातानं भरवा." त्या लगबगीनं तबक घेऊन आल्या. व्हिडिओवाल्याला मी खूण केली आणि त्यानं आपला मोठा दिवा जावेच्या तोंडावर धरला.

"मला नको, खरंच नको," जाऊ म्हणाली.

सासूबाईंनी डोळे वटारले. "विहीणबाई हातानं भरवतात आणि नको काय म्हणतेस? का नको?"

जावेनं माझ्याकडे पाहिलं. खरं कारण सांगायची सोय तिनंच ठेवली नव्हती. मी पदर सावरला. तिनं तोंड उघडलं. कात घातलेला तो विडा ती डोळ्यांत पाणी आणून चावत राहिली, आणि व्हिडिओवाला म्हणाला, "अक्का, स्वल्प हसा."

कॅसेट आली त्या दिवशी हॉल भरला होता. रिमोट मी सकाळपासून कमरेला खोचून ठेवला होता. पडद्यावर तिचे लालभडक दात आले आणि मी बटण दाबलं. "स्वल्प थांबा, बघा." सगळ्यांत आधी सासूबाई हसल्या. जाऊ उठून कॉफीचे पेले गोळा करायला लागली.

माझे दात काही पुन्हा पहिल्यासारखे झाले नाहीत. आजही गार पाण्याचा घोट घेतला की कळ थेट डोक्यात जाते. तेव्हा मला तिचं ते तोंड आठवतं, आणि मी उरलेलं पाणी सावकाश पिऊन टाकते.