भासऱ्यांचा डग्गा

आमच्या भासऱ्यांचा डावा हात जावई होता. हे मी नाही म्हणत, गाव म्हणायचं. "श्रावणचा डावा हात म्हंजे घरचा जवाई, त्याले काम सांगू नोका." कपाशीची पराटी उपटायची ती एकट्या उजव्या हातानं. विहिरीचा दोर ओढायचा तोही उजव्याच हाताला पीळ देऊन. थंडीत सगळे शेकोटीला दोन्ही हात धरत, हे एकच धरत. डावा हात पोटाशी, धोतराच्या घडीत. त्या हातानं ते डग्गा वाजवत.

श्रावणजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे, शालूच्या बाबांचे थोरले भाऊ. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, पुन्हा घर केलं नाही, आमच्यातच राहत. भासरा आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी बोलत नाहीत, ही आमच्याकडची रीत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी बोलायची आणि ते आढ्याशी. "कनिक मयाची हाय म्हना," असं ते आढ्याला सांगत. आढं काही हलत नसे, म्हणून मग मी मळत असे.

कणीक डग्ग्यासाठी. त्याच्या कातड्यावर ओल्या कणकेची जाड चकती बसवली म्हणजे तो घुमतो. गव्हाचीच लागते, ज्वारीचं पीठ धरत नाही. आमच्या घरात गहू सणाला दिसायचे. तरी एका गाडग्यात डग्ग्याचं म्हणून मूठ-दोन मूठ पीठ वेगळं असायचं. माझी शालू लहान असताना रुसायची, "मोठ्या बाबाचा डग्गा पोई खाते आन आमी भाकर."

पण वाजवत ते असं, की मी चुलीपाशी असले तरी पाटाखालची जमीन गुरगुरल्यासारखी व्हायची. मनगट असं सरकवत, की डग्गा बोलतो आहे असं वाटावं. कोणाकडं शिकले नव्हते. लहानपणी ढोरं वळताना रिकाम्या डब्यावर हात बसवला, तेवढीच शाळा.

छप्पन साली नागपूरहून आमची माणसं दीक्षा घेऊन आली आणि वस्तीत गाणं सुरू झालं. शालूचे बाबा पेटी वाजवत आणि गात, त्यांचा मावसभाऊ देवमन मागं सूर धरायचा, भासरे तबला-डग्ग्यावर. नांदगाव खंडेश्वरच्या आसपास बोलावणी येऊ लागली. कुठं बारसं, कुठं लग्न, कुठं नुसतंच नवं घर. पन्नास-साठ माणसं, एक अंगण, झालं. माईक नाही, आवाज वाढवायचं मशीन नाही. उघड्या गळ्याचा कारभार.

अठ्ठावन सालच्या जयंतीला वस्तीत फार मोठं गाणं झालं. दुसऱ्या दिवशी मी पार्वताबाईच्या वावरात पराट्या उपटायला गेले. पार्वताबाई गावातल्या मोठ्या वाड्याची मालकीण. बांधावर उभी राहून सगळ्या बायांदेखत मला म्हणाली, "काय वो भागीरथे, तुमची जयंती होती म्हंते? कवा झाली?"

"काल झाली ना बाई. गाणं होतं."

"असन माय. आमाले तं तुमच्या कुत्र्याचं भुकनंई आयकू आलं नाई."

बाया हसल्या. त्यातल्या दोघी आमच्याच वस्तीतल्या, त्याही हसल्या, मजुरीवर होत्या बिचाऱ्या. मी खाली मान घालून पराटी उपटली. ते वाक्य मात्र माझ्यात रुतून बसलं.

पुढं आठवड्यानं गाण्याच्या मंडळीनं ठरवलं की आपलं स्वतःचं मशीन घ्यायचं. शालूचे बाबा, देवमन आणि भासरे अमरावतीला निघाले. मलाही नेलं, कारण माझी दाढ ठणकत होती आणि गाल पुरीसारखा फुगला होता. आधी मशीन, मग दाढ, असं पुरुषांनी ठरवलं. दाढ माझी होती ना.

जवाहर गेटच्या आत ओमप्रकाश नावाच्या माणसाचं दुकान होतं. तो मशीन जोडून विकायचा आणि गावात वीज नसेल तर मोटारीच्या बॅटरीवर चालवून दाखवायचा. मशीन एकच, पण आवाज बाहेर काढायच्या वस्तू दोन. एक पत्र्याचा भोंगा, हलका, बांबूला बांधला की झालं. दुसरा लाकडी खोका, मधे कागदाचा पडदा, उचलायला दोन माणसं.

ओमप्रकाश म्हणाला, "देखो भाऊ, भोंगा दूर तक जाएगा. खोका दूर नहीं जाएगा, पर नजदीक में भारी बजेगा. अंदर बैठनेवाले को अपना ही सुनाई देता है, इसलिए किसी को बाहर खड़ा करो. बाद में मेरे को मत बोलना."

भोंगा दुकानाच्या माथ्यावर रस्त्याकडं तोंड करून होता, खोका त्यानं ओट्यावर काढून ठेवला. आत शालूचे बाबा पेटीवर, देवमन माईक धरून. भासऱ्यांनी ओल्या फडक्यातली कणीक काढून चकती बसवली. बाहेर कोणाला उभं करायचं? मी गाल धरून रस्त्यावरच बसले होते.

आधी भोंगा लावला. शालूच्या बाबांचा गळा असा निघाला, की समोरचा टांगेवाला वळून पाहू लागला. पार इतवारा बाजारापर्यंत गेला असेल. पण डग्गा कुठं होता? नुसतं टक टक, टक टक. कोणी बोटाच्या पेरानं दार वाजवावं तसं.

मग खोका लावला. गळा जवळच राहिला, रस्त्याच्या पलीकडं गेला नाही. पण डग्गा! ओटा हलला. माझ्या तळपायातून वर आला आणि थेट दाढेत शिरला. मी "आई गं" म्हणून ओरडले. मला खोका कळला तो दाढेनं कळला. आमच्या पन्नास-साठ माणसांच्या अंगणाला याच्याहून जास्त काही लागत नव्हतं.

शालूचे बाबा बाहेर आले. "काय व्हय? डग्गा कसा येते? खऱ्यानं सांग."

आतून भासरे आढ्याला म्हणाले, "ज्याइनं कनिक मयली, त्याइलेच बराबर समजन. ते म्हंतीन तसं करू."

माझ्या मनात तेव्हा दाढ नव्हती आणि डग्गाही नव्हता. बांधावरची पार्वताबाई होती. आमच्या वस्तीपासून तिच्या वाड्यापर्यंत आवाज न्यायचा तर भोंगाच हवा, एवढंच दिसत होतं.

मी म्हणाले, "दोन्हीत सारखाच येते. भोंगा घ्या."

"सारखाच?"

"सांगतलं ना. माही दाढ दुखून राह्यली, चाला आता."

भासऱ्यांनी चकती सोडवली, गोळा केला, फडक्यात बांधला. त्यांना काय, मी म्हटलं म्हणजे तसंच असणार.

वैशाख पुनवेच्या सकाळी वस्तीत भोंगा बांबूवर चढला. त्याचं तोंड वाड्याकडं करायला देवमनला मीच सांगितलं. तो म्हणाला, "वयनी, तिकडं तं आपलं कोनी नाई." मी म्हटलं, "म्हनूनच."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वाड्यासमोरच्या वाटेनं पाणी आणायला गेले. पार्वताबाई दारातच होती. "आयकलं वो काल तुमचं. गयाबिया चांगला हाय तुह्या नवऱ्याचा." माझी छाती फुगली. मग ती म्हणाली, "पन मधातच कोन दार ठोकत होतं? चांगल्या गान्याचा सत्यानास केला."

तेव्हाच घरी येऊन सांगायचं होतं. नाही सांगितलं.

मग जिथं जावं तिथं तेच. "गाणं नंबर एक, पण तबल्यावर कोन बसवला?" शिवणी गावच्या बारशाला एक म्हातारा भासऱ्यांना तोंडावर म्हणाला, "श्रावण, आंधी तुहा डग्गा आयकाले मी दोन कोस चालत येवो. आता काय झालं बे? जेवत नाई काय?" भासरे हसले. त्यांच्या कानाला तर डग्गा घुमतच होता, ते त्याच्या बाजूला बसत. भोंग्यातून लोकांना काय जातं ते त्यांना कसं कळणार? सगळे म्हणतात म्हणजे आपल्याच हातात काही कमी झालं, असं त्यांनी धरलं.

घरी येऊन आढ्याला विचारलं, "कनिक कमी पडून राह्यली काय म्हना?"

मी जास्त मळली. पोरांच्या वाट्याचं पीठ घेऊन मळली. मला वाटलं, तेवढं तरी भरून काढावं. झालं उलटंच. कणीक जितकी जड, तितका डग्ग्याचा आवाज खाली जातो, आणि भोंग्याला खालचं तर गिळायचीच सवय. पहिल्यांदा टक टक तरी यायची, आता तीही गेली. हे मला तिसऱ्या कार्यक्रमात उमगलं. तरी मी मळतच राहिले. थांबले असते तर का थांबले ते सांगावं लागलं असतं.

पावसाळ्यानंतरची गोष्ट. एका लग्नघरचा माणूस बोलावणं घेऊन आला आणि अंगणात उभा राहून शालूच्या बाबांना म्हणाला, "किसनभाऊ, या खेपी ढोलकीवाला आना बाप्पा. राग नोका मानू." भासरे खाटेवर बसले होते. शालूचे बाबा काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "बराबर हाय. माहा हात गेला."

मग उठले, विहिरीवर गेले आणि दोर दोन्ही हातांनी ओढू लागले.

मी घागर घेऊन तिथंच उभी होते. चौदा वर्षांत त्यांचा डावा हात दोरावर पाहिला नव्हता. सांगायला याहून दुसरी वेळ नव्हती. भासऱ्याशी बोलू नये ही रीत, असं मी स्वतःला सांगितलं. रीतीच्या मागं लपायला इतकी चांगली जागा असते, की माणूस तिथं वर्षानुवर्षं बसू शकतो. त्यांनी माझी घागर भरून दिली. मी पदर ओढून घरी आले.

त्या दिवाळीनंतर ते अकोल्याला गेले. तिथं एका जिनिंगमध्ये कापूस लोटायचं काम मिळालं. डग्गा आमच्याकडंच राहिला, उतरंडीमागं.

चौसष्ट साली शालूसाठी अकोल्याचं स्थळ आलं. मी आणि शालूचे बाबा भासऱ्यांच्या खोलीवर उतरलो. ते कामावरून आले, पाणी प्यायला पेला धरला, तेव्हा मला दिसलं. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. मधलं आणि त्याच्या बाजूचं.

शालूचे बाबा घाबरले. "दादा, हे कवा झालं? सांगतलं काहून नाई?"

"झालं दोन वर्साआंधी. जीनमध्ये गेला. सांगाचं काय त्यात?"

"इतला जपत होता तू तो हात."

"जपत होतो तवा जपत होतो. मंग काय कामाचा होता तो, जपाले?"

दुपारी शालूचे बाबा मुलाच्या घरच्यांना भेटायला गेले. खोलीत मी आणि भासरे. ते रीतीप्रमाणं दारात रस्त्याकडं तोंड करून बसले, मी चुलीकडं. बराच वेळ गेला. भाजी करपली, तो वास दोघांनाही आला. मग मी पदर तसाच ठेवून त्यांच्या पाठीला म्हणाले, "भाऊजी."

त्यांनी मागं पाहिलं नाही, पण खांदे ताठ झाले. इतक्या वर्षांत मी त्यांना हाक मारली नव्हती.

"तुमचा हात गेला नव्हता. भोंग्यात डग्गा येतच नव्हता. मले दुकानातच मालूम होतं. खोक्यात येत होता. मी खोटं सांगतलं."

रस्त्यावरून एक बंडी गेली. ती पार वळेपर्यंत ते तिच्याकडं पाहत होते.

"काहून?"

"पार्वताबाईले आयकू जावं म्हनून."

"आयकू गेलं?"

"गेलं."

मला वाटलं, आता उठतील, शिवी देतील. मी तयार होते, मला ती हवीच होती. पण त्यांनी पहिल्यांदा तोंड वळवून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "म्हंजे तवा हात चांगला होता?"

"होता."

"शिवनीच्या बारशालेई?"

"होता भाऊजी. ओटा हालत होता तुमच्या हातानं."

"हं," ते म्हणाले. चेहरा असा झाला, की मला पाहवेना. आनंदच झाला होता हो त्यांना. मी ज्यांचं सगळं घेतलं, ते माझ्यापुढं बसून खूष होत होते. मग पुन्हा रस्त्याकडं वळले आणि म्हणाले, "किसनले सांगू नोका. पोरीचं लगीन हाय. त्याच्या डोक्यात जाईन."

मी नाही सांगितलं. त्यांचा शब्द पाळला असं म्हणता येईल. पण तो पाळायला मला जडही गेला नाही, माझ्या सोयीचाच होता. शालूचे बाबा गेले ते थोरल्या भावाचा हात लवकर गेला असंच समजून गेले. भासरे वारले तेव्हा वस्तीत सभा झाली. देवमन उभा राहून सांगत होता, श्रावणदादा मोठा वाजवणारा, पण पुढं हात राहिला नाही. बाया माना हलवत होत्या. मीही त्यांच्यात बसले होते आणि मीही मान हलवली.

आता ते कोणी राहिले नाहीत. शालू आहे, तिची लेकरं आहेत. त्यांना मोठ्या बाबाचं नाव घेतलं की एवढंच ठाऊक, की वाजवायचे, मग हात गेला. तर ते तसं नाही. अठ्ठावन साली हात चांगला होता, शिवणीलाही चांगला होता, ढोलकीवाला मागितला त्या दिवशीही चांगला होता. खोटं मी बोलले.