बंद सर्व्हरवर दिसलेलं अंगण

जयभीम आणि नमस्कार. भूत, चकवा, करणी... आमच्या घरात या गोष्टींना कधीच थारा नव्हता. असलं काही कानावर आलं की बाबा सरळ हसायचे. मी स्वतः नागपुरात नेटवर्किंगचं काम करते, त्यामुळे वायर कुठून निघून कुठे गेली हे पाहिल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. तरी हे लिहितेय, कारण ही वायर मला सापडलेली नाही.

आई गेल्यावर बाबा हिंगणघाटच्या घरी एकटे राहायचे. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. रिटायर झाले, पण गाव सोडायला तयार नव्हते. मी नागपुरात, धाकटा भाऊ मिलिंद हैदराबादला. म्हणून मी घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही सिस्टीम टाकून छोटासा सर्व्हर केला आणि अंगणात त्याला जोडलेला कॅमेरा लावला. आम्हाला बाहेरून दिसावं म्हणून राउटरमध्ये एक पोर्ट उघडलं. म्हणजे मोबाईलवर आमचा पत्ता टाकला की राउटर आपल्याला थेट त्या कॉम्प्युटरपर्यंत आत सोडणार. पासवर्ड फक्त आम्हा भावंडांकडे. काही महिने सगळं सुरळीत चाललं.

मग एके दुपारी ऑफिसात डबा खाता खाता मी कॅमेरा उघडला. चित्र लगेच आलं.

बाबा पाण्याच्या मोटारीजवळ पडले होते. कुशीवर... एक हात मोटारीकडे लांब केलेला. हलत नव्हते. बाजूच्या लिंबाची पानं मात्र हलत होती, म्हणजे चित्र अडकलेलं नव्हतं.

डबा तसाच सोडून बाबांना फोन लावला. उचलला!

"काय व?" मागे एसटीचा खडखडाट.

"बाबा, तुमी कुठं आहा?"

"बसमधी. वर्ध्याले चाललो, जिनिंगमधल्या शंकररावकडं. काऊन?"

मी कॅमेऱ्याचं पान पुन्हा लोड केलं. बाबा तिथेच पडलेले.

"बाबा... कॅमेऱ्यात तुमी घरी दिसून राह्यले."

"काहीच्या बाही बोलू नोको. सकाळी इज कडाडली, लाईन गेली. तुह्या त्या कम्पुटरच्या डब्ब्याचा प्लग मीच उपटून ठेवला. बंद हाय तो."

"घरी गेले की मोटारीले हात नोका लावू. मी येईन तोवर घरातच नोका जाऊ." एवढं बोलून मी ऑफिसातून थेट हिंगणघाटला निघाले.

संध्याकाळी बाबा आणि मी स्टँडवरूनच सोबत घरी गेलो. लाईन आली होती. कॉम्प्युटरचा प्लग खरंच टेबलावर पडलेला, डबा थंडगार. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मोटारीच्या अंगाला टेस्टर लावला आणि झटकन मागे सरकला.

"काका, पूरा करंट हाय याच्यात. हात लागला असता त चिपकूनच राह्यले असते."

या वेळी बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने माझ्यासोबत नागपूरला आले.

निघण्याआधी मी राउटरमधलं पोर्ट बंद केलं, इंटरनेटचं कनेक्शन तोडलं, कॅमेरा उतरवला. मोटार भंगारात दिली. कॉम्प्युटर माझ्या घरी माळ्यावर आहे. हिंगणघाटच्या घराला कुलूप.

विषय संपला असं वाटलं होतं. मग गेल्या महिन्यात सकाळी मिलिंदचा फोन आला.

"ताई, तू हिंगणघाटले केव्हा गेली?"

"नाई गेली. काऊन?"

"मंग कॅमेरा कसा चालू हाय? मोबाईलवर जुना पत्ता चुकून दबला, त आंगण दिसलं. थे तूच आहे ना? मोटारीजवळ... ताई, तू उठून काऊन नाई राह्यली?"

मी नागपुरात, गॅसपाशी उभी होते. बाबांसाठी चहा टाकत होते. आणि ती मोटार तर केव्हाच भंगारात गेली होती.

मी लगेच तो पत्ता उघडून पाहिला. काहीच आलं नाही. मिलिंदकडेही ते परत कधी आलं नाही. जुनं रेकॉर्डिंग म्हणाल, तर तसं काही घडलेलंच नव्हतं. कोणी आत शिरलं म्हणाल, तर शिरायला तिथे काही उरलंच नव्हतं. माझ्याच क्षेत्रातल्या जाणकारांना विचारून झालं; कोणालाही सांगता आलं नाही. मलाही सांगता येत नाही.

आता घर विकायचं ठरतंय. घेणारे म्हणतात, मुलीने एकदा येऊन घर उघडून दाखवावं. मी अजून गेलेली नाही.