जागामालकाची संमती

दारू विकायचा परवाना ज्या ऑफिसात मिळतो त्याला आमच्याकडे अजूनही 'दारूबंदी' म्हणतात. पाटीवर राज्य उत्पादन शुल्क असं लिहिलेलं आहे, पण रिक्षावाल्याला तसं सांगितलं तर तो तोंडाकडे बघत राहतो. 'दारूबंदीला सोडा' म्हटलं की बरोबर दारात आणून सोडतो. पहिल्या खेपेला मला याचं हसू आलं. पुढंपुढं खेपा एवढ्या झाल्या की हसू यायचं बंद झालं.

आमचं हॉटेल कामशेतहून पवना धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बेडसे गावाच्या अलीकडे आहे. पुढे पत्र्याची शेड, मागे राहायचं घर. नवरा तळेगावच्या कंपनीत शिफ्टला जातो, त्यामुळे हॉटेल पहिल्यापासून माझ्याच अंगावर. पिठलं-भाकरी, चिकन थाळी, सकाळी मिसळ. शनिवार-रविवारी धरणावर तंबूत राहायला येणाऱ्या पोरांची गर्दी होते. ही पोरं बाटल्या गाडीत घालूनच निघतात. जेवायला बसली की एकजण हळूच यायचा आणि म्हणायचा, "मावशी, फक्त ग्लास द्या." ग्लास नाही दिला तर ती उठून पुढच्या हॉटेलात जायची. दिला तर पोलिसांची गाडी दारात उभी राहायची. सोमवारी सकाळी शेजारच्या भातखाचराच्या बांधावरच्या बाटल्या वेचायला मीच. एकदा शेजाऱ्याच्या बैलाच्या पायात काच गेली आणि त्याने रस्त्यावर उभं राहून माझ्या माहेरच्यांचा उद्धार केला. दारू मी विकत नव्हते, पण तिचा ताप सगळा माझ्याच डोक्याला होता. तेव्हाच ठरवलं की हे चोरून-मारून नको, रीतसर परमिट रूम काढायची.

रीतसर म्हणजे काय ते मग कळलं. हॉटेलचा परवाना, अन्न खात्याचा परवाना, बांधकामाचा नकाशा, शाळा आणि देऊळ किती लांब आहे त्याची मोजणी, माझ्या चारित्र्याचा दाखला. चारित्र्याच्या चौकशीला जो हवालदार आला तो आमच्याकडे नेहमी जेवणारा. त्याने थाळी मागवली, रस्सा दोनदा घेतला आणि जाताना गंभीर चेहरा करून विचारलं, "तुमच्यावर काही गुन्हा?" मी म्हटलं, "आजच्या रश्श्यात मीठ जास्त झालं असलं तर तेवढाच."

ग्रामसभा जरा अवघड गेली. बायका जमल्या होत्या आणि मला विरोधाची भीती त्यांचीच होती. एकीने उठून विचारलंच, "तुजी सासू कुटं हाय? माळकरणीच्या घरात दारूचं दुकान?" मी म्हटलं, दुकान घरात नाही, रस्त्यावर आहे, आणि दारू तुमच्या तंबूंतही प्यायली जातेच. यावर बऱ्याचजणी गप्प बसल्या, कारण अर्ध्या गावाने धरणाकाठी तंबू टाकलेले आहेत. ठराव झाला. मी घरी आले ती अर्धी लढाई जिंकल्यासारखीच.

माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, सभेला आल्या नव्हत्या. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, माझं लग्न व्हायच्या आधीपासून. मटण-मच्छी नाही, एकादशी चुकत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नर्सने माळ काढा म्हटलं तर त्यांनी ती मनगटाला गुंडाळली आणि मूठ आवळून टेबलावर झोपल्या. पण त्यांचं सोवळं दुसऱ्याला त्रास देणारं नाही. हॉटेलच्या भाकऱ्या त्याच थापतात. चिकनच्या पातेल्याला हात लावत नाहीत आणि त्याबद्दल नाकही मुरडत नाहीत. दुसऱ्याच्या ताटात वाकून बघायची त्यांना सवय नाही. म्हणून परवान्याला त्या आड येतील असं माझ्या मनातही नव्हतं.

हॉटेल आणि घर ज्या जागेवर उभं आहे ती जागा मात्र त्यांची होती. भावकीच्या भांडणात जागेला हात लागू नये म्हणून सासऱ्यांनी ती बायकोच्या नावावर घेतली होती. आत्याबाईंच्या नावावर आयुष्यात तेवढी एकच गोष्ट. सासरे असताना दोघांचं वाजलं की त्या म्हणायच्या, "उठा माज्या जागेतनं," आणि सासरे खरोखर उठून रस्त्याच्या पलीकडे दगडावर जाऊन बसायचे. जेवणाची वेळ झाली की त्याच हाक मारायच्या.

जागा दुसऱ्याची असली की अर्जाला जागामालकाची संमती जोडावी लागते. आमच्या वकिलांनी मजकूर टाइप करून दिला. दुपारची गिऱ्हाइकं गेल्यावर मी तो आत्याबाईंना वाचून दाखवला. सदर जागेत परवाना कक्ष चालवून मद्यविक्री करण्यास माझी पूर्ण संमती आहे व माझी कोणतीही हरकत नाही, असं होतं ते.

"पुन्ना वाच," त्या म्हणाल्या. मी वाचलं.

"हरकत न्हाई, हे खरं हाय," त्या म्हणाल्या. "संमती हाय, हे खोटं हाय. तेवढं काढाया सांग, मी सही करते."

मला वाटलं, हे तर सोपं आहे. वकिलांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, हरकत नाही हे शेजाऱ्याने लिहायचं असतं. मालकाची संमतीच लागते. ती नसेल तर फाईल टेबलावरून हलणार नाही."

घरी येऊन मी आत्याबाईंना समजावायला बसले. समजावणं हा माझा प्रांत नाही. दोन वाक्यांनंतर माझा आवाज चढतो. मी म्हटलं, "तुमाला हाटेलात कोंबडी चालती, मंग बाटलीनं काय घोडं मारलंय?"

"कोंबडीला माजी सही कुनी मागितलीवती?"

नवरा मध्ये पडला. तो स्वभावाने मवाळ, कोणालाच दुखवायचं नाही म्हणून दोघींनाही दुखवतो. म्हणाला, "आई, एक दिस माळ काढून ठिव. सही झाली की बुवांच्या हातनं परत घाल. हाय काय त्यात?"

"माळ काढली म्हंजे खोटं बोलाया मोकळी का रं मी?" एवढं बोलून त्या भाकरीचं पीठ मळायला गेल्या.

त्यानंतरचे काही दिवस मी भांडी आपटत काढले. आत्याबाई माझ्याशी नेहमीसारख्याच बोलत होत्या, त्याने मला जास्तच राग यायचा. माणसाने अडवावं तर तोंड तरी फिरवावं. तिकडे वकिलांचा फोन यायचा की ग्रामसभेचा ठराव जुना होईल, मग सगळं पहिल्यापासून. एका दुपारी माझा तोल गेला. मी चुलीपाशी उभी राहून म्हटलं, "जागा तुमच्या नावावर हाय म्हनून आमी असं तुमच्या दारात उबं. नसती तर कुनी इचारलंबी नसतं."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मी ते टोचावं म्हणूनच बोलले होते. त्यांना मात्र त्यात काहीतरी कामाचं सापडलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कांदा चिरत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "जागा तुज्या नावावर असती, तर माजी सही लागली असती?"

"न्हाई."

"मंग घे करून तुज्या नावावर."

मला वाटलं रागाने बोलतायत. पण आत्याबाईंचा राग मी ओळखते, राग आला की त्या चहा सोडतात. त्या सकाळी त्यांचा दुसरा कप चालू होता. नवऱ्याला सांगितलं तर तो आईसमोर येऊन उभा राहिला. "आई, द्यायचीच तर माज्या नावावर दे की."

"हाटेल तू चालवतूस?"

"आन उद्या हिनं तुला भायेर काढलं तर?" हे मला ऐकू जाईल अशा बेताने, अर्धं गमतीत.

"काढंल की. तिचा सभाव हायेच तसा," आत्याबाई म्हणाल्या आणि मलाही हसू आलं.

मी नको म्हणायला पाहिजे होतं, असं माझी बहीण म्हणाली. मी नको म्हटलं नाही. मला परवाना हवा होता, आणि देणारं माणूस पूर्ण शुद्धीत देत होतं. गावात दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. सासू नामानिराळी राहिली, असं काहीजणांचं मत. सुनेने आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या, असं बाकीच्यांचं. मी दोन्ही ऐकून घेतलं. हॉटेल चालवणाऱ्या बाईला कान जाड ठेवावे लागतात.

बक्षीसपत्र लोणावळ्याला नोंदवलं. ऑफिसात धुकं आत येईल म्हणून खिडक्या लावलेल्या, आत माणसांची वाफ. आत्याबाईंनी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं, लग्नाला निघाल्यासारखं. त्यांच्या अंगठ्याचा ठसा काही मशीनवर उठेना. जन्मभर चुलीपाशी आणि खाचरात राबलेला अंगठा, त्याच्यावर रेघा राहिल्यात कुठं. ओल्या फडक्याने पुसला, दुसरं बोट लावून पाहिलं, तेव्हा कुठे काम झालं. साहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "आजी, राजीखुशीने देताय ना? कोणाचा दबाव नाही?"

"दबाव हाय," आत्याबाई म्हणाल्या. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हिचा न्हाई साहेब. माजा मलाच हाय. लिवा तुमी."

साहेब माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी लिहिलं. बाहेर येऊन आम्ही चहा घेतला. परतीच्या लोकलमध्ये त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या, ते थेट कामशेत येईपर्यंत.

पुढचं सगळं सुरळीत झालं. सातबाऱ्यावर माझं नाव चढलं, आता मीच मालकीण आणि मीच अर्जदार. दारूबंदीचे साहेब जागा बघायला आले, त्यांनी दारं मोजली, मुतारी पाहिली, स्टॉकची खोली पाहिली. परवाना आला तो आता गल्ल्याच्या मागे काचेत लावलेला आहे. धंदा चांगला चालतो. पोलिसांची गाडी थांबते ती जेवायला. शेजाऱ्याच्या बांधावर बाटल्या पडत नाहीत, तो स्वतःच संध्याकाळी कधीमधी येऊन कोपऱ्यात बसतो. मला कशाचा पश्चात्ताप नाही. आत्याबाई परमिट रूमच्या बाजूला जात नाहीत, भाकऱ्या मात्र अजून त्यांच्याच. एकादशीला भजनाच्या बायका येतात तेव्हा त्या पहिल्यासारख्याच पुढे बसतात.

बदललं ते एकच. लोणावळ्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत परसात उभी होते. आत्याबाई कढीपत्त्याच्या झाडाखाली हात मागे बांधून थांबल्या होत्या. मला म्हणाल्या, "दोन डहाळ्या घेऊ का गं?"

मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसले, तोंडातला फेस थुंकला आणि म्हटलं, "घ्या की, झाड तुमचंच हाय." त्यांनी घेतल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मग पूजेच्या फुलांसाठी विचारलं. मग मागच्या दाराजवळ वाळवण घालायला, पाहुणी आली तर तिला ठेवून घ्यायला. न विचारता त्या पानही तोडत नाहीत. विचारताना आवाजात टोमणा नसतो, मी तो खूप शोधला. टोमणा असता तर मी दोन शब्द बोलून मोकळी झाले असते.

नवरा म्हणतो, लक्ष देऊ नको, वय झालंय तिचं. वयाचा काही संबंध नाही, त्यांना गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे नंबर पाठ असतात. शेवटी एका सकाळी, त्या मोगऱ्यापाशी उभ्या असताना, मला सहन झालं नाही. मी त्यांचे दोन्ही हात धरले. म्हटलं, "आत्याबाई, बास करा आता. मला लय वंगाळ वाटतं. कागद ऑफिसात ऱ्हाऊ द्या. घर तुमचंच हाय, तुमी मला इचारायचं न्हाई."

त्यांनी हात सोडवून घेतले नाहीत. माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मला वाटतं कीव करूनच.

"आसं म्हनू नगं पोरी," त्या म्हणाल्या. "घर माजं म्हनलं, तर पुढचं ते दुकानबी माजंच झालं की."

मी हात सोडले. त्या तशाच उभ्या होत्या, मोगऱ्याकडे बघत, मी अजून काही म्हटलं नव्हतं म्हणून.

"घ्या," मी म्हटलं. तेव्हापासून रोज सकाळी म्हणते.