अकरा अंडी आणि पेन्सिलीच्या फुल्या

"हात मागे."

खाटेखालचा थर्माकोलचा खोका उघडायचा झाला की काकांचे हे दोन शब्द आधी यायचे. मग ते स्वतःचेही हात पाठीमागे बांधायचे आणि तपासणीला आलेल्या साहेबासारखे वाकायचे. खोका मासळीबाजारातला, कितीही धुतला तरी सुरमईची आठवण काढणारा. आत ओल्या काथ्याच्या भुशावर सुटी सुटी मांडलेली धामणीची अकरा अंडी.

तुम्ही काळाचौकीत राहत असाल तर त्यांना पाहिलं असेल. शर्टाच्या खिशात पेन्सिल, हातात कापडी पिशवी आणि लोखंडी आकडी. साप निघाला की लोक यांनाच बोलवायचे. ही अंडी करी रोडला एका टॉवरचा पाया खणताना निघाली. परत ठेवायला तिथे जमीनच उरली नव्हती. म्हणून वनखात्याला विचारून काकांनी ती घरी आणली.

मी त्यांच्याकडे माळ्यावर राहायचो. सातवीत शाळा सोडलेला, लातूरकडचा, हिंदमाताला साड्यांच्या दुकानात घड्या घालणारा. खाली कुणी जोरात खोकलं तरी मला वाटायचं, आता जागा सोडायला सांगणार. म्हणून मी सगळ्याला हो म्हणायचो. धामणीलाही हो म्हटलं.

काका तरुणपणी गिरणीत हवा दमट ठेवायच्या खात्यात होते. "सूत सुकलं की तुटतं, अंडं सुकलं की चेपतं," ते म्हणायचे. "काम तेच. फक्त भोंगा नाही." खोक्यात तापमापक आणि दमटपणाचा काटा. अठ्ठावीस ते तीस. वर गेलं तर झाकणाला फट, खाली आलं तर कोमट पाण्याची बाटली. भुसा मुठीत दाबला की बोटं ओली व्हावीत, पाणी गळू नये. झाकणाचे थेंब अंड्यांवर पडू नयेत म्हणून ते एका अंगाला कललेलं.

काकू म्हणायच्या, "जावई इलो तर पंखो नाय, नि धामणीच्या अंड्यांक थर्मामीटर."

मग काकांच्या भावाच्या कार्यासाठी दोघं चार दिवस गावी गेले आणि खोका माझ्या हवाली झाला. एवढा विश्वास माझ्यावर कुठल्या मास्तरांनीही टाकला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन मी काटा बघायचो, वहीत लिहायचो. पण एक शंका डोक्यातून जाईना. गावी आई खुडुक कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्यांवर कोळशाने खूण करायची, आणि कोंबडी ती दिवसभर फिरवत राहायची. इथेही प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीची फुली होती, पण फिरवायला कुणी नाही. काका विसरले असणार, वय झालं. 'हात मागे' हे मळक्या हातांसाठी असणार. म्हणून मी तीनदा साबण लावला आणि अकराही अंडी उलटी केली. संध्याकाळी फुली खाली, सकाळी फुली वर. वहीत नोंदही केली. शाबासकीला पुरावा हवा ना.

काकांनी आल्या आल्या चष्मा लावून वही वाचली. "एकोणतीस. बरं. अठ्ठावीस. बरं." मग थांबले. "उलटवली?"

"रोज दोनदा. एकदाही चुकलो नाही."

"कोणी सांगितलं?"

"कोंबडी फिरवते ना, काका."

ते खाटेवर बसले. "अरे, सापाच्या अंड्यात जीव वरच्या अंगाला कवच धरून बसतो. उलटवलं की बुडतो. फुली म्हणजे ही बाजू वर. हलवायचं नाही."

मी माळ्यावर जाऊन पिशवी भरायला घेतली. मला फारसं काही येत नसलं तरी पिशवी चटकन भरता येते.

"खंय चललस?" काकूंनी खालून विचारलं.

"जातो. माझ्यामुळे..."

"आणि खोका कोण बघणार?" काका म्हणाले. "उतर खाली. हात मागे."

पुढचे पाच आठवडे मी त्या खोक्यासमोर निकालाला उभा राहिल्यासारखा उभा राहिलो. दोन अंड्यांना बुरशी धरली. दोन पिवळी पडून बसली. मग एका सकाळी एका अंड्याला चीर पडली आणि आतून वाटाण्याएवढं तोंड बाहेर आलं. दोन दिवसांत सात फुटली.

"चार माझ्यामुळे गेली," मी म्हटलं.

"मी सांभाळली असती तरी एखाद-दोन गेली असती."

"आणि चारांतली बाकीची?"

"बाकीची तुझ्यामुळे." काकांनी चष्मा पुसला. "आणि ही सातही तुझ्यामुळे. दोन्ही लिहून ठेव."

पिल्लं सोडताना वनखात्याला दिलेल्या कागदावर त्यांनी 'देखभाल' या शब्दापुढे माझं नाव लिहिलं. आधार कार्डावर माझं नाव चुकलंय. त्या कागदावर बरोबर आहे.

काका यंदा गेले. खाट भिंतीला लावली होती, खोका गॅलरीत होता. माणसं येत होती, वाकून पायांना हात लावून बाजूला होत होती. माझी पाळी आली तसा मी वाकलो आणि तसाच राहिलो.

"झिला," काकू हळूच म्हणाल्या, "पायां पड."

तेव्हा लक्षात आलं, माझे हात पाठीमागे बांधलेले होते. सोडवायला जरा वेळ लागला.